मधली रेघ

येळ्ळूरहून उद्यमबागला येणाऱ्या सकाळच्या बसमध्ये तो बऱ्याचदा माझ्या शेजारी बसायचा. कारखान्यात लेथवर काम करायचा. मांडीवरच्या डब्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख सारखं फिरवत असायचा.

एकदा त्याने पिशवीतून बाटली काढली. खाली नीळ घातलेलं पाणी, वर रॉकेल. ती हळू डोलवत म्हणाला, "आक्का, वर बघू नका. मधली रेघ बघा."

रॉकेल वरून जवळजवळ सपाट होतं. पण ते पाण्याला टेकत होतं तिथे एक मोठी, संथ लाट सरकत होती.

"समुद्रात बी असंच. वर गरम पाणी, खाली गार, आन लाट मधी. ती फुटली की सगळं घुसळून निघतंय. कारवारकडं ते मोजायला यंत्र सोडत्यात. ते यंत्र ज्यात बसतंय ती नळी मी केलती."

"समुद्र पाहिलाय तुम्ही?"

"न्हाय. नळी परत घिऊन यंत्रवाले सायेब आलते, तवा त्यांनी ही बाटली करून दाखवली."

"परत का आणली?"

"झाकणाच्या खाचेत केसाएवढा चरा ऱ्हायलता. नख फिरवून बघितलतं, पण माझ्या नखाला लागला न्हाय. पाणी आत गेलं, यंत्र बंद पडलं. त्या म्हयन्यातल्या लाटा आल्या आन गेल्या, कुणालाच कळल्या न्हाईत."

"साहेब रागावले असतील."

"छ्या. चा पिऊन गेलं."

हे त्याने अगदी शांत चेहऱ्याने सांगितलं. मी चेहऱ्याकडे बघणं सोडून दिलं. खाली, डब्याच्या कडेवर, नख पुन्हा फिरू लागलं होतं.