बावन्नच्या जागी बारा

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीडला आमच्या कोचिंग क्लासचं परीक्षेचं वेळापत्रक काढत होते. भाचा म्हणाला, "मावशी, आई गेली." मी कॉम्प्युटर बंद केला आणि चौसाळ्याची बस पकडली. त्याला आता पाच आठवडे झाले.

अक्का, माझी मोठी बहीण, चौसाळ्यात कापडाचं दुकान चालवायची. किडन्या निकामी झाल्यापासून मंगळवारी आणि शुक्रवारी तिचं बीडला डायलिसिस असायचं. तारखांची यादी मी काढून द्यायची. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची: सुरुवात कधी, वार कोणते, आठवडे किती. एंटर दाबलं की वर्षभराच्या तारखा भराभर खाली उतरतात. अक्का तो कागद दुकानाच्या भिंतीला चिकटवायची, झालेली तारीख खोडायची आणि धंदाही त्यावरच चालवायची. लग्नाचा बस्ता बांधायला कोणी विचारायला आलं की आधी भिंतीकडे बघायची. "मंगळवारी न्हाई, मी बीडला. बुधवारी या. नवरीला आणा, सासूला नको."

फेब्रुवारीत डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, उन्हाळा निघणं अवघड आहे. मी हे घरात कोणालाच बोलले नाही. आठवड्याभराने नवी यादी काढताना मात्र आठवडे बावन्नच्या जागी बारा लिहिले. फार विचार केला नव्हता... लागेल तेवढंच काढायची माझी सवय.

अक्काने कागद उलटून मागची बाजू पाहिली. "कावून गं, मेमध्येच संपली? औंदाचं साल लहान हाय का?"

"कागद पुरला नाही, अक्का."

"अर्धा तर कोराच हाय." मग कागद सरळ करून म्हणाली, "तू लई हुशार, शैला. खोटं बोलायला तेवढं शिकली न्हाईस."

त्यानंतर तिने जूनच्या लग्नाचा एकही बस्ता घेतला नाही, असं भाचा सांगतो. डॉक्टरांचं बोलणं मला समोर बसून तिला सांगता आलं असतं. मी ते छापून हातात दिलं आणि चहा पिऊन परतीची बस धरली.

परवा दुकानात गेले. कागद भिंतीवरच आहे. छापलेल्या शेवटच्या चार तारखा खोडायच्या राहिल्यात. त्यांच्याखाली, कोऱ्या जागेत, अक्काने बॉलपेनने पुढच्या तारखा लिहिल्यात. मंगळवार, शुक्रवार, मंगळवार... थेट दिवाळीपर्यंत. जून तिने एकतीस दिवसांचा धरला, त्यामुळे जुलैपासून सगळ्या एका दिवसाने चुकल्यात.

एका ओळीचं काम होतं. तिने मला सांगितलं नाही.