दाजींचा कठडा

थोरल्या आक्काच्या मालकांची, म्हणजे आमच्या दाजींची नजर अंधूक होत गेली, तेव्हा त्यांना एकच गोष्ट सोडवत नव्हती. घरापासून स्ट्रॉबेरीच्या रोपांपर्यंत एकट्यानं जाणं. महाबळेश्वरच्या धुक्यात डोळसालाही स्वतःचे पाय दिसत नाहीत. आक्का म्हणाली, "कठडा करून दे. न्हाईतर मी त्यांना उंबऱ्याबाहेर सोडायची न्हाई."

मी कवठे महांकाळचा. लाकडातलं आपल्याला कळतं, हा माझा जुना गैरसमज. सांगलीच्या वखारीतून पाईनचे खांब नेले. दाबानं औषध भरलेले, फिकट हिरवे. वखारवाला म्हणाला होता, "औषध कडंकडंनं मुरतं, गाभ्यापतूर जात न्हाई. कापू नका. कापलंच तर तिथं परत औषध लावा आन् ते टोक वर ठेवा." मी जाणकारासारखी मान डोलावली.

उतारावर खांबांची डोकी वरखाली दिसायला लागली, ती मला बघवेनात. कापले. कापलेलं टोक पांढुरकं, ओबडधोबड, म्हणून ते मातीत घातलं. आमच्याकडं वाळवीसाठी लावतात तसं त्याला गाडीचं जळकं ऑइल फासलं. आमच्याकडं असे खांब वर्षानुवर्षं टिकतात. आमच्याकडची माती कोरडी असते, एवढं मात्र मला सुचलं नाही.

दोन पावसाळे कठडा उभा राहिला. मी जायचो तेव्हा पडवीत बसून बघायचो. दाजी धुक्यात शिरायचे. आधी पाय जायचे, मग पाठ, शेवटी लाकडावरून सरकणारा एक हात तेवढा उरायचा. मग तोही नाही. बऱ्याच वेळानं धुकंच त्यांना घडवून परत पाठवायचं, बोटांना माती लागलेली.

तिसऱ्या पावसाळ्यात माझ्या डोळ्यांदेखत एक खांब कलला. आवाजसुद्धा झाला नाही. दाजी चिखलात अलगद बसले. लागलं काही नाही, पण आक्का म्हणाली, "बास. आता घरात."

मी खांब उपटला. बाहेरचं हिरवं कवच शाबूत होतं, आतला गाभा भिजल्या भाकरीसारखा हातात आला. त्यात बुरशीची पांढरी जाळी, इतकी नाजूक की क्षणभर मी माझा पराक्रम विसरलो.

"दाजी, लाकडाचा दोष न्हाई. माझा हाय. वखारवाल्यानं कापू नका म्हणून सांगितलं हुतं."

"ठावं हाय, पाव्हणं. दोन म्हैनं हाताखाली हलत हुता."

"आवं, मग बोलला का न्हाई?"

"तुमच्या भणीनं ऐकलं असतं की."

आक्का दारातच होती. "ऐकलं," ती म्हणाली. पुढं येऊन तिनं त्या पोकळ खांबात बोट खुपसून बघितलं. मग मला म्हणाली, "परत कर. या बारीला सांगितलंय तसं कर. आन् तुमी, हललं की आधी मला सांगायचं."

या वेळी नवे खांब आणले आणि करवत घरीच ठेवली. खांब अख्खे बसतील असे खड्डे घेतले, पाणी निघून जायला तळाशी खडी टाकली. डोकी जशी आली तशी ठेवली; एक उंच, एक बुटकं. आमच्या गावातला कुणीही हसला असता.

दाजींनी पहिल्या दिवशी एकेक डोकं चाचपलं. "वरखाली हाय जनू."

"व्हय. कापलं न्हाई."

"ऱ्हाऊ द्या. कुठवर आलो ते हाताला कळतंय." आणि आक्काकडं वळून न बघता ते धुक्यात निघाले.