कुंभकोणमला थांबवून ठेवलेला सामना

सासऱ्यांनी ऑपरेशनवर पैज लावली आणि मी ती घेतली, म्हणून आम्ही कुंभकोणमला गेलो. एवढ्या एका वाक्यावरून माझ्या बायकोनं, वसुधानं, पुणे ते चेन्नई अख्खा प्रवास माझ्याशी मोजकंच बोलून काढला.

आधी पैजेचं सांगतो. स्पेनमध्ये फुटबॉलची लीग जिंकणारा क्लब आणि कप जिंकणारा क्लब यांच्यात सुपर कप होतो. आता त्याचं रूप बदललंय, पण ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची. तेव्हा एक सामना एकाच्या मैदानावर, दुसरा दुसऱ्याच्या, आणि दोन्हींचे गोल मिळून निकाल, अशी पद्धत होती. त्या वर्षी अप्पांचा, म्हणजे सासऱ्यांचा क्लब आणि माझा क्लब समोरासमोर आले. क्लबांची नावं मुद्दाम लिहीत नाही, खाली प्रतिक्रियांत मारामारी नको.

अप्पा कुंभकोणमच्या जुन्या मराठी घराण्यातले. वीज मंडळातून निवृत्त झालेले इंजिनिअर आणि कॉलेजच्या दिवसांतले गोलकीपर. त्यांच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. तंजावरचे डॉक्टर कधीपासून सांगत होते की ऑपरेशन लांबवू नका. अप्पा ऐकत नव्हते. वसुधानं फोनवर रडून पाहिलं, मेहुण्यांनी रागावून पाहिलं. शेवटी मी फोन केला तर म्हणाले, "माप्पिळ्ळै, तुमचा क्लब जिंकला तर मी जातों. माझा जिंकला तर ह्या विषयावर कोणी तोंड उघडायचें नाहीं. कबूल?"

माप्पिळ्ळै म्हणजे तमिळमध्ये जावई. मी उत्साहात "कबूल" म्हणून बसलो.

"माझ्या बापाचं काळीज फुटबॉलवर लावलंस?" एवढंच वसुधा म्हणाली.

पहिला सामना अप्पांच्या क्लबच्या मैदानावर झाला. आम्ही दोन-शून्य हरलो. अप्पांचा फोन आला, ते खोकत हसत होते. मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकली. हरायचंच असेल तर निदान त्यांच्या शेजारी बसून, पुन्हा एकदा विनवणी करायला.

जाणाऱ्यांसाठी: पुण्याहून चेन्नई सेंट्रल, तिथून रिक्षानं एग्मोर, आणि एग्मोरहून सकाळची गाडी. सेंट्रलबाहेर रिक्षाचं भाडं बसण्याआधीच ठरवा. सकाळच्या गाडीत खिडकी मिळाली तर मैलाडुतुरैनंतर दोन्ही बाजूंना भात आणि केळीचे मळे लागतात. आडी हा तमिळ महिना नुकताच संपला होता, कावेरीच्या कालव्यांना पाणी होतं. एरवी मी शंभर फोटो काढले असते. त्या दिवशी कॅमेरा बॅगेतून बाहेर आला नाही.

घर चक्रपाणी देवळाच्या मागच्या गल्लीत. अम्मा, म्हणजे सासूबाई, दारात उभ्या होत्या. मला बघताच म्हणाल्या, "आलांत? बरें जालें. आंत या. हे ऐकत नाहींत हो कोणाचें."

त्यांची मराठी ऐकताना मला पहिली दोन वर्षं जुनी बखर कुणी तमिळ चालीवर वाचतंय असं वाटायचं. आता कान सरावलाय. घराबाहेर पाऊल पडलं की मात्र सगळे तमिळच बोलतात.

संध्याकाळी अम्मा वसुधाला घेऊन तिरुनागेश्वरमला गेल्या. तिथं राहूच्या मूर्तीवर दुधाचा अभिषेक होतो आणि दूध अंगावरून उतरताना निळं दिसतं म्हणतात. जायचं असेल तर राहुकाळ गाठा, गर्दी असते, पण बघण्यासारखं आहे. मी अप्पांबरोबर महामहम तलावाकडे चाललो. अंतर किरकोळ. त्यात ते तीनदा थांबले. दर वेळी एखाद्या दुकानाकडे बोट दाखवायचे, "येथें पूर्वी पितळेची भांडी मिळत," असं काहीतरी, आणि तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायचे. मी ऐकल्यासारखं करायचो. ओठांचा निळसर रंग मला दिसत होता.

तलावाजवळच्या हॉटेलात आम्ही पितळी पेला-वाटीतली, तिथं 'डिग्री' म्हणतात ती फिल्टर कॉफी घेतली. गल्ल्यावरचा माणूस अप्पांना तमिळमध्ये म्हणाला, "सार, बारीक झालात." अप्पा म्हणाले, "जावई आलाय, त्याच्या चिंतेनं." दोघं हसले. अप्पांनी ते मला मराठीत सांगितलं, पण मला हसू येईना.

दुसरा सामना आपल्याकडे मध्यरात्रीनंतर होता. अम्मांनी जागायला सक्त मनाई केली. म्हणून मी सेट-टॉप बॉक्सवर तो रेकॉर्डिंगला लावला, जादा वेळ धरून, आणि ठरलं की सकाळी इडली-कडप्पा खाऊन बघायचा. कडप्पा ही मूगडाळ-बटाट्याची पातळ भाजी, ती खाल्ल्याशिवाय या गावातून निघू नका. आमचे फोन अम्मांनी पिठाच्या डब्याशेजारी ठेवून दिले, म्हणजे निकाल कळायला नको.

सामना सुरू झाला. पहिल्या अर्ध्यात काहीच झालं नाही. अप्पा आरामात पाय लांब करून बसले होते आणि मी मनातल्या मनात विनवणीची वाक्यं जुळवत होतो. दुसऱ्या अर्ध्यात आमचा पहिला गोल झाला. अप्पांनी पाय आखडते घेतले. वसुधा कधी फुटबॉल बघत नाही, ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"अजून किती पाहिजेत?" तिनं मला विचारलं.

"एक. मग बरोबरी. मग अर्धा तास जादा, आणि तरी नाही सुटला तर पेनल्टी."

वेळ संपत आली. अगदी शेवटच्या क्षणी कॉर्नरवरून चेंडू आला, कुणाच्या तरी डोक्याला लागला आणि जाळ्यात गेला. मी उडी मारून ओरडलो. वसुधाही ओरडली. पण तिचं ओरडणं वेगळं होतं.

अप्पा पडद्याकडे बघतच नव्हते. एक हात छातीवर, दुसऱ्यानं खुर्ची घट्ट धरलेली, चेहरा राखेसारखा. अम्मांनी पाणी आणलं. मी दार-खिडक्या उघडल्या. हॉस्पिटलची गाडी बोलवूया असं मी म्हणत होतो, ते हातानं नको नको करत होते. हळूहळू श्वास जागेवर आला.

"थांबवा तें," ते म्हणाले.

मी रिमोट दाबला. रेफ्री शिट्टी तोंडात धरून तसाच राहिला.

"अजून अर्धा तास आहे?"

"हो, अप्पा."

"मला नाहीं जमायचें." ते खाली बघत होते. "थोरल्या भावाला ऑपरेशनला मीच घेऊन गेलों होतों. हंसत आंत गेला. आला नाहीं बाहेर. वहिनीला मी काय सांगूं, तें मला सुचेना."

 अम्मांना हे ठाऊक असावं. वसुधाला नव्हतं. ती त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली.

"भीति वाटते, वसू," ते म्हणाले. मग पडद्याकडे बोट करून, "पण शेवट बघायचाय मला. ह्या छातीनें नाहीं बघवत. कर फोन त्या डॉक्टराला."

वसुधा फोन आणायला स्वयंपाकघरात धावली. अप्पांनी माझा हात धरला. "ह्या रेकॉर्डिंगला कोणी हात लावायचा नाहीं. आणि माप्पिळ्ळै, तुम्हीही निकाल बघायचा नाहीं. शपथ."

मी शपथ घेतली.

तंजावरला आम्ही पॅसेंजरनं गेलो, कारण अप्पांना आगगाडीच हवी होती. स्वामीमलै, सुंदरपेरुमाळ कोयिल, पापनाशम, प्रत्येक स्टेशनवर ते बाहेर बघत होते. सुंदरपेरुमाळ कोयिलला शेतातल्या बायका रोपांच्या जुड्या घेऊन फलाटाच्या कडेनं चालल्या होत्या. अप्पा म्हणाले, "परत येतांना पीक वर आलेलें असेल." आम्ही तिघंही पटकन हो म्हणालो.

हॉस्पिटलजवळ साध्या, स्वच्छ खोल्या मिळतात, पण बाल्कनी रस्त्यावर असलेली घेऊ नका, झोप होत नाही. अर्थात झोप कुणाला होती? ऑपरेशनच्या दिवशी प्रतीक्षागृहात माझ्या शेजारी माझ्याच क्लबचा शर्ट घातलेला एक तरुण येऊन बसला. माझ्या किल्लीला क्लबचं चिन्ह होतं, ते बघून त्याचा चेहरा उजळला. "सार, सुपर कप..." एवढं त्यानं म्हटलं आणि मी अक्षरशः कानांवर हात ठेवून व्हरांड्यात पळालो. तो बिचारा गोंधळला. बाहेर उभा राहून मला जाणवलं की मला त्या निकालाची भीती नव्हती. अप्पा नसताना तो एकट्याला कळेल, याची होती.

दुपार उलटून गेल्यावर डॉक्टर आले. हिरवी टोपी काढत त्यांनी तमिळमध्ये चार वाक्यं सांगितली. मला त्यातलं फक्त "नल्ला" कळलं. म्हणजे चांगलं. अम्मा तिथंच बाकावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या.

रजा संपली, मी पुण्याला परतलो. वसुधा काही आठवडे तिकडेच राहिली. लोक विचारतात, कुंभकोणम कसं आहे? देवळं बघायला हिवाळ्यात जा, दोन पूर्ण दिवस हातात ठेवा. मी खरं सांगायचं तर एकही देऊळ नीट पाहिलं नाही. मला आठवतात ते अप्पांचे थांबे, आणि त्या थांब्यांत त्यांनी दाखवलेली, आता नसलेली दुकानं. इतके दिवस मी त्यांना हट्टी म्हणत होतो. घाबरलेला माणूस आणि हट्टी माणूस लांबून सारखेच दिसतात, हे जवळ जाऊन बसल्यावर कळलं.

वसुधा घरी आल्यानंतरच्या रविवारी अप्पांचा व्हिडिओ कॉल आला. अम्मांनी फोन टीव्हीसमोर धरला होता. थांबवलेला सामना पुढं सुरू झाला. जादा वेळेत गोल झाला नाही. पेनल्टी सुरू झाल्या.

"माझा जिंकला तर ऑपरेशन रद्द. कबूल?" अप्पांनी विचारलं.

"कबूल," मी म्हटलं.

शेवटची पेनल्टी आमची होती, ती चुकली की हरलो. त्यांच्या गोलकीपरनं उजवीकडे झेप घेतली आणि चेंडू बाहेर ढकलला. फोन हलला, छत दिसलं, पंखा दिसला, आणि अप्पांची आरोळी ऐकू आली. एका दमात, लांबलचक. अम्मा "पुरे, पुरे" म्हणत होत्या. वसुधानं माझा दंड धरला. ती आरोळी संपायची आम्ही दोघं वाट बघत राहिलो, आणि ती संपेचना.