बाने केलेली कवटी

आमच्याकडे बैलगाडी नव्हती. डोकं होतं. घरात जे यायचं ते कुणाच्या तरी डोक्यावरून यायचं आणि विकायला जायचं तेही डोक्यावरूनच. लाकडाची मोळी, गवताचा भारा, पाण्याचा हंडा, आजारी पडलं तर धाकटं भावंडसुद्धा. आय जामसरची. माहेरी होती तेव्हाही मोळ्याच वाहायची आणि आमच्या पाड्यावर नांदायला आली तेव्हाही तेच. जव्हारच्या बाजारात मोळी टाकायची, मीठ-मिरची घ्यायची आणि चढ चढून परत. घरची नागली शिमग्यापर्यंत पुरली तर बरं वर्ष म्हणायचं. त्यानंतर आय रानातून कडू कंद खणून आणायची. ते चिरून, राख घालून उकडायचे आणि टोपलीत भरून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायचे, म्हणजे कडूपणा जायचा. सगळा जायचा नाही. मला अजून चव आठवते.

बा मुखवटे करायचा. आमच्याकडे बोहाडा होतो, त्यात देवांची, राक्षसांची सोंगं नाचतात. आसपासच्या पाच-सहा गावांतले मुखवटे बाच्या हातचे. त्यावर पोट चालत नव्हतं. मिळालं तर नारळ, टोपीचं कापड, पायलीभर भात. पण मुखवटा करायला बसला की बा वेगळाच माणूस व्हायचा, आणि आय त्याला भाकरी हाक न मारता नुसती शेजारी नेऊन ठेवायची.

जव्हारचं संस्थान विलीन झालं तेव्हा मी तिथल्याच शाळेत होतो. मोठ्या माणसांच्या बोलण्यात एवढंच यायचं, की आता सरकार मुंबईचं. बाला त्यातून एक फायदा झाला. त्याचे मुखवटे कागदाचे, आणि दरबारच्या जुन्या कागदांची रद्दी बाजारात येऊ लागली. जाड, चिवट, मोडी लिहिलेला कागद. बा तो हातात चुरगळून बघायचा आणि म्हणायचा, "ह्यो कागद राजाचा, फाटायचा नाय."

मला फायदा झाला तो शिष्यवृत्तीचा. मॅट्रिक झालो, कॉलेजात गेलो, आणि आमच्या पाड्यावर कुणाला उच्चारता येत नव्हतं त्या मेडिकल कॉलेजात मुंबईला दाखल झालो. हे मी फुशारकीने सांगत नाही, असं लिहिणार होतो. पण थोडी फुशारकी आहे, ती असू दे.

तिथे पहिल्याच परीक्षेत मी नापास झालो. शरीरशास्त्रात, आणि तेही तोंडी परीक्षेत. परीक्षकांनी माझ्या हातात कवटी दिली. मी ती समोरून धरली. डोळ्यांच्या खोबणी, नाकाचं भोक, दात, एवढं सांगितलं. त्यांनी ती उलटी केली, तळ वर केला, आणि पेन्सिलीचं टोक एका भोकावर ठेवून विचारलं, "यातून काय जातं?" तळाला लहानमोठी कितीतरी भोकं असतात. मला सगळी सारखीच दिसली. सधन घरच्या मुलांनी हाडांचा अख्खा संच विकत घेतलेला असे, ती रात्रंदिवस तो चाळत. मला उसना मिळे तो रविवारी. खरं सांगायचं तर मिळाला तरी मी हात लावायला कचरत होतो. आमच्यात मेलेल्या माणसाचं काही घरी आणत नाहीत. शिवलं की अंघोळ. मी दर रविवारी कवटी हाताळायचो कमी आणि अंघोळ करायचो जास्त.

सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा होती. त्यातही नापास झालो तर शिष्यवृत्ती बंद, म्हणजे शिक्षण बंद. वैशाखात मी घरी आलो आणि हे सगळं बाला सांगितलं. बोहाडा नुकताच उरकला होता. बा ओट्यावर मुखवट्यांचे उडालेले रंग दुरुस्त करत होता.

"काय इचारलं त्याहींनी?"

"डोकं हातात दिलं. वळखता आलं नाय."

बाने कुंचला खाली ठेवला. "मुखवटं करणाऱ्याच्या पोराला डोकं वळखता येईना?" असं म्हणून तो इतका हसला, की आय चुलीपासून उठून बाहेर आली. मग म्हणाला, "काड तुझं पुस्तक."

पुस्तक इंग्रजी. बाला मराठीही वाचता येत नव्हतं, त्यामुळे इंग्रजीने त्याचं काही अडलं नाही. त्याने चित्रं बघितली, पुस्तक फिरवून उलटं बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी नदीकाठची चिकणमाती आणून साचा घातला. साच्यावर चिंचोक्याच्या खळीत भिजवलेल्या कागदाचे थर. वाळल्यावर त्याने मला हाक मारली.

कवटी झकास होती. खोल डोळे, विचकलेले दात, बघून लहान पोरं पळाली. पण मागून मोकळी. कानांजवळ दोरी बांधायला भोकं.

"बा, याला पाठ कुठाय?"

"पाठ कशाला? मागं सोंग घेणाऱ्याचं डोकं असतं की."

"पण मला इचारतात ते सगळं मागलं आन खालचं."

 जन्मभरात बाने शेकडो तोंडं केली होती, पण डोक्याची मागची बाजू एकदाही केली नव्हती. त्याने मुखवटा बाजूला ठेवला, आयला समोर बसवलं आणि तिचा आंबाडा सोडून दोन्ही हातांनी तिचं डोकं चाचपायला सुरुवात केली. आय म्हणाली, "मोप वरसं झाली, असं डोकं कुणी चोळलं नव्हतं."

"गप बस. हालू नको."

"तेल तरी लाव मंग."

कानामागचा उंचवटा, मानेच्या वर डोक्याला मागे असलेली गाठ, हे सगळं बाने बोटांनी मोजलं आणि मातीत उतरवलं. मलाही चाचपायला लावलं. ऑक्सिपिटल आणि मॅस्टॉइड ही त्या हाडांची नावं मी पाठ केली होती. ती माझ्या आईच्या केसांखाली आहेत हे मला त्या दिवशी कळलं. आयने मान डावीकडे वळवली की उजव्या कानामागून गळ्याच्या हाडापर्यंत एक जाड दोर उठायचा. मोळ्या वाहून वाहून तो असा झाला होता, की पुस्तकातल्या चित्रातही इतका स्पष्ट नव्हता. मी त्याचं लांबलचक नाव उच्चारलं. आय म्हणाली, "एवढं मोठं नाव? मला तर ती नुसती मान वाटायची."

आता अडचण निराळीच आली. मुखवटा पुढून अर्धाच असतो, म्हणून साच्यावरून अलगद सुटतो. अख्खं डोकं मातीभोवती बंद झालं तर माती बाहेर कशी काढायची? बाने दोन दिवस विचार केला आणि कपाळाच्या वरून गोल कापून टोपी वेगळी केली, मडक्यावरचं झाकण काढावं तशी. आमच्या कॉलेजातल्या कवट्याही तशाच करवतलेल्या असतात, हे मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "त्याहींचीबी माती अडकली आसंल." आत डोकावलं की मोडी अक्षरं दिसायची.

मग भोकांची पाळी आली. इथे बा अडून बसला. मुखवट्यात भोक पाडायचं ते बघायला, श्वास घ्यायला नाहीतर दोरीला. उगाच पाडलं की कागद तिथून चिरतो. हा त्याचा नियम, आणि नियम तो कुणासाठी मोडत नसे.

"ह्यातून काय जातं?"

मी पुस्तक उघडायचो, शोधायचो, सांगायचो. "डोळ्याची नस." मग सुई तापवून बा भोक पाडायचा. "आन ह्यातून?" "खालच्या जबड्याची." "आन हे त्याच्या बाजूचं बारीक?" "मेंदूच्या वेष्टणाची रक्तवाहिनी." "जाते का येते?" "जाते." "बरं." सांगता आलं नाही तर भोक नाही. एका भोकाबद्दल पुस्तकात होतं की ते काही माणसांत असतं, काहींत नसतं. बा म्हणाला, "आसं बेभरवशाचं आपल्याला नगं."

तळाच्या मधोमध सगळ्यांत मोठं भोक. त्यातून मेंदूचा देठ खाली मणक्यात उतरतो. त्याच्याखाली मानेचा पहिला मणका त्याने केला. तो नुसतं कडं असतो. आयने तो हातात घेतला आणि मोळीखाली डोक्यावर घ्यायची स्वतःची चुंबळ आणून शेजारी ठेवली. "डोक्याच्या वर एक आन खाली एक," ती म्हणाली. मी तिला सांगितलं, की या कड्यावर डोकं पुढेमागे झुलतं तेव्हा आपण हो म्हणतो, आणि हे कडं खालच्या मणक्याच्या खुंट्यावर फिरतं तेव्हा नाही म्हणतो. तिने दोन्ही करून बघितलं. "तुझ्या बापाचा वरलाच गंजलाय," ती म्हणाली.

आमच्या शेजारी एक काका राहायचे. बोहाड्यात पूर्वी ते पिपाणी वाजवायचे. एका थंडीत त्यांचं अर्धं तोंड वाकडं झालं, ओठ मिटेना, फुंक बाजूने निसटायला लागली. वारं लागलं म्हणाले सगळे. तेव्हापासून ते संबळ वाजवायचे. ते रोज येऊन बसायचे आणि कवटीला नावं ठेवायचे. "ह्या सोंगाला चाल कंची वाजवू? चालायला धड तर नाय ह्याला."

कानामागच्या उंचवट्यापाशी एक बारीक भोक असतं. बाने विचारलं, यातून काय जातं. मी म्हणालो, चेहऱ्याची नस. हसू, फुंकर, डोळा मिटणं सगळं तिच्यावर. ती इथे आत सुजली, की अर्धं तोंड ओघळतं.

बाचा हात थांबला. त्याने काकांकडे बघितलं. काकांनी हळूच बोट कानामागे नेलं.

"इथं?"

"तिथंच आत, काका."

"म्हंजी कुनी करनी केली नव्हती?"

"नाय. कुनीच नाय."

त्यांनी बोट तिथेच ठेवलं. मग म्हणाले, "आता बरं व्हतं का?" मी खरं तेच सांगितलं. पुष्कळांचं काही दिवसांत आपोआप बरं होतं, पण इतक्या वर्षांनी होत नाही बहुतेक. "आसूंदे," ते म्हणाले. "संबळबी वाईट नाय. पन मी इतकी वरसं एका बाईला शिव्या देत व्हतो." कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. ते भोक बाने त्यांच्याच हाताने पाडून घेतलं.

हाडांच्या शिवणी बाने कोळशाने काढल्या. वटवाघळासारखं पंख पसरलेलं मधलं हाड त्याने तीनदा मोडून चौथ्यांदा जमवलं. वर वॉर्निशचा हात दिला. शेजारच्या बायका म्हणाल्या, घरात कवटी ठेवतात का गं? आय म्हणाली, "मेल्याची नाय ती. माझ्या मापाची हाय." आणि मला म्हणाली, "माझ्या डोक्यावर अभ्यास करतोस, तर पास तरी हो."

कॉलेज उघडताना ती आयच्या जुन्या लुगड्यात बांधून मी एस.टी.त मांडीवर घेतली. कंडक्टरने विचारलं, "काय हाय गाठोड्यात?" माझ्या तोंडून निघून गेलं, "आईचं डोकं." तो जरा लांबून तिकीट देऊन गेला.

वसतिगृहात मुलं आधी हसली. मग त्यांच्यापैकी एकजण, ज्याच्याकडे खरा संच होता, तो माझ्या खोलीत येऊन बसायला लागला. खरी त्याची, कागदाची माझी, दोन्ही शेजारी ठेवून आम्ही एकमेकांना विचारायचो. मी त्याच्याकडून खरी कवटी हातात घेतली, आणि अंघोळीला जायचं विसरलो. हे माझ्या दोन दिवसांनी लक्षात आलं.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक तेच होते की दुसरे, मला आठवत नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलंच नाही. कवटी हातात आली ती मीच उलटी करून धरली, तळ वर. परीक्षक म्हणाले, "अजून मी काही विचारलं नाही." मी म्हणालो, "इथलंच विचाराल, सर." त्यांनी पेन्सिल ठेवली ती मोठ्या भोकाच्या बाजूच्या वेड्यावाकड्या फटीवर. मी सांगितलं. यातून मेंदूतलं रक्त खाली नेणारी मोठी शीर जाते आणि तीन नसा जातात. त्यांतली एक घशाची, एक थेट छाती-पोटापर्यंत उतरणारी, एक मानेच्या स्नायूची. त्या स्नायूचं काम काय? मी मान वळवून दाखवली आणि तो कुठून कुठे जातो ते बोटाने सांगितलं. त्यांनी पेन्सिल हलवली. मग पुन्हा हलवली. बऱ्याच वेळाने शेजारी बसलेले दुसरे परीक्षक म्हणाले, "पुरे. तुमच्या घरी कोणी डॉक्टर आहे का?"

"नाही सर. कोणीच शिकलेलं नाही."

"मग हे शिकवलं कुणी?"

"वडलांनी," मी म्हणालो.  त्यांनी मला जायला सांगितलं.

निकाल लागला, मी पास झालो. शिष्यवृत्ती चालू राहिली. पुढच्या कुठल्याच परीक्षेत मी अडकलो नाही. पन्नासचं दशक संपायच्या आत मी एम.बी.बी.एस. झालो. आमच्या पाड्यावरचा पहिला पदवीधर मी, आणि पहिला डॉक्टरही मीच.