अंगठ्याचं माप

कारखान्यात त्याला सगळे अंगठेबहाद्दर म्हणत. लिहिता-वाचता उत्तम येत होतं, पण सगळा माज त्या अंगठ्याचा. प्लास्टिकच्या रिंगांची जाडी मोजायच्या मायक्रोमीटरला टोकाशी एक खटका असतो. दाब पुरेसा झाला की तो टिकटिकतो, मग थांबायचं. हा गृहस्थ खटक्याला हात लावेल तर शपथ. "खटका नवशिक्यांना," म्हणायचा. "मला माझा अंगठा सांगतो."

खटका वापरायचा त्याचा साडू. बायका सख्ख्या बहिणी आणि नवरे एकमेकांना पाण्यात पाहणारे. साडूला इथे चिकटवला यानेच, आणि ते उपकार उठता-बसता ऐकवायचाही हाच. "बसला टिकटिक करत घड्याळजी!" असं चारचौघांत म्हणायचा. साडू दात-ओठ खात पुढची रिंग उचलायचा.

मग वरून हुकूम आला. मोजणीचं एकच टेबल राहणार, दुसरा माणूस पॅकिंगला. पॅकिंगला दिवसभर उभं राहायचं आणि तिथे कुत्रंही विचारत नाही. याचं पित्त खवळलं. तो तडक तपासणीच्या मॅडमकडे गेला.

"मॅडम, कॉम्प्युटरवर चाचणी लावा. कोणाचे आकडे जास्त इकडेतिकडे जातात ते बघा. माझा साडू उघडा पडला नाही तर नाव बदलीन."

मॅडमनी रिंगांचा एकच ट्रे आधी एकाला दिला, मग दुसऱ्याला. दोघांचे आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरले. दोघांच्या आकड्यांतला चढउतार सारखा की वेगळा, एवढंच ते सांगणार होतं. पडद्यावर दोन पट्ट्या उमटल्या. साडूची लांबलचक, याची जेमतेम बोटभर. खाली निकाल होता: फरक आहे, आणि तो नुसत्या योगायोगाचा दिसत नाही.

"बघा!" याने टेबलावर थाप मारली. "याचा पसारा बघा! घरीही असाच, एका शब्दावर टिकेल तर ना!"

"घर मध्ये आणू नका," साडू म्हणाला.

"काका," मॅडम म्हणाल्या, "जाड-बारीक रिंगा मी मुद्दाम मिसळल्या होत्या. आकडे वेगवेगळे यायलाच हवे होते. यांचे माझ्या मापांशी जुळतात. तुमचे सगळे सारखे कसे आले?"

"तुमचीच मापं चुकली असतील!" तो ओरडला आणि एक जाडजूड रिंग उचलून मोजायला लागला. प्लास्टिक मऊ होतं. अंगठा दाबत गेला, रिंग चेपत गेली आणि रोजचा आकडा आला तिथे हात आपसूक थांबला. सगळ्यांनी पाहिलं. त्यानेही पाहिलं. लाजेने त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आजवर तो अंगठा मोजत नव्हताच, मनातला आकडा रिंगेवर लादत होता.

सोमवारी तो पॅकिंगला उभा राहिला. पहिला ट्रे साडूनेच आणून त्याच्यासमोर आदळला.

"खोकं नीट दाबून भरा, साडूभाऊ. अंगठा आहेच."

याने मान वर केली नाही. झाकणावर अंगठा ठेवला आणि ते बसेपर्यंत दाबलं.