दादाचा तिसरा पंप

वहिनीचा फोन आला तेव्हा मी ठाण्याच्या घरी चहा गाळत होते. "मीने, मागचं पाणी पडायचं थांबलंय… आणि हे हाकेला ओ देत नाहीयेत." वहिनीला दिसत नाही. दादा परसात माशांच्या हौदापाशी आहे, एवढंच तिला ठाऊक होतं. मी त्यांच्या शेजाऱ्यांना फोन करून रिक्षाने निघाले. शीळफाट्याच्या गर्दीत अडकलेली असतानाच शेजाऱ्यांचा उलट फोन आला. फिल्टर साफ करायला म्हणून दादाने पंप बंद केलेला, आणि तिथेच कट्ट्याला टेकून तो गेला होता. डोंबिवलीला पोचले तर वहिनी दारातच खुर्चीवर. माझा हात चाचपून तिने विचारलं, "पडले का गं? फार लागलंय का?" तिला सांगायचा धीर कुणालाच झाला नव्हता… ते मी सांगितलं.

दीड महिना झाला त्याला. दादाने उभी हयात डोंबिवलीच्या एका केमिकल कारखान्यात पंपांची देखभाल केली. निवृत्त झाला तेव्हा यंत्रांच्या आवाजाने दोन्ही कान जवळजवळ गेलेले, मोठ्याने हाक मारली तरच ओ द्यायचा. त्याच सुमारास मधुमेहाने वहिनीची नजर जात चालली. "केशरी तेवढं अजून कळतं गं, बाकी सगळं धूसर," ती एकदा मला म्हणाली. दादाने काय ऐकलं, किती ऐकलं, देव जाणे. पण आठवड्याभरात त्याने परसात गुडघाभर खोल हौद खणायला घेतला, आणि महिन्याने त्यात केशरी मासे सोडले. वहिनी मागच्या दारात बसून हौदात हलणारे ते ठिपके बघायची.

पहिला पंप त्याने ओळखीच्या गोदामातून आणला, चांगला दणकट. त्याने पाणी असं घुसळलं की बिचारे मासे जाळीला जाऊन चिकटायला लागले. दादा डोक्याला हात लावून बसला. "जन्मभर अ‍ॅसिडचे पंप सांभाळले मी, आणि हे सहा मासे सांभाळता येईनात!" दुसरा पंप छोटा आणला, तर पाणी हिरवंगार. मग त्याला उमगलं की पंपापेक्षा फिल्टर महत्त्वाचा. एका निळ्या पिंपात खाली खडी, वर स्पंजाचे थर, असा फिल्टर त्याने स्वतः बनवला. पिंपातून पाणी निथळून परत हौदात पडायचं. पाणी नितळ झालं, पण तोवर वहिनीला केशरीही दिसेनासं झालेलं. आता तिला उरला होता तो पाण्याचा आवाज, आणि त्यात हा दुसरा पंप सारखा घरघरायचा. दादाला ती घरघर ऐकूच येत नव्हती. तिने सांगितलं तेव्हा तो इतका ओशाळला…

तिसरा पंप घ्यायला आम्ही तिघं कल्याणला गेलेलो. दुकानदाराने टबात पाणी भरून एकेक पंप चालू करून दाखवला. वहिनी मान कलती करून ऐकत होती, आणि दादा टबाकडे न बघता तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. "हा नको, गुणगुणतो." "हाही नको." चौथ्याला ती काही बोललीच नाही, नुसती हसली. "हाच द्या," दादा दुकानदाराला म्हणाला.

तो गेल्यावर मी वहिनीकडेच राहिले. पंप शेजाऱ्यांनी त्याच दिवशी पुन्हा चालू केला होता. तेराव्यानंतर घर आवरताना फिल्टरचे स्पंज काळे झालेले दिसले. दादाचं काम आपण नीट करू म्हणून मी ते नळाखाली घासून घासून पांढरे केले. चार दिवसांत एकेक करत सगळे मासे वर तरंगले. कल्याणच्या दुकानदाराला फोन केला तेव्हा कळलं, नळाच्या पाण्यातल्या औषधाने स्पंजातले पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू मरतात. स्पंज हौदाच्याच पाण्यात हलका पिळायचा असतो. मी दोन दिवस गप्प राहिले. दादाने मागे ठेवलेलं तेवढंही मी घालवलं होतं. शेवटी वहिनीजवळ बसून रडत रडत सांगितलं.

"मला माहितीये," ती म्हणाली. "मासे माझ्या बोटांतनं खातात. परवापासून कुणी आलं नाही."

मी डोळे पुसून तिच्याकडे बघितलं.

"ह्यांनीही एकदा हेच केलेलं. सगळे मेले. मला काही न सांगता दुसऱ्या दिवशी नवीन आणून सोडले. त्यांना वाटलं, हिला कुठे दिसतंय… पण नवीन मासे हाताशी येईचनात."

"मग तू विचारलं नाहीस?"

"काय विचारायचं? मला वाईट वाटू नये म्हणून उन्हातान्हात कल्याणला जाऊन आलेले. म्हटलं, राहू दे. महिनाभर मी रोज पाण्यात हात घालून बसले, मग मासे आले हळूहळू. त्या दिवशी ह्यांना हाक मारून दाखवलं. केवढे खूश झाले!" दादा गेल्यापासून पहिल्यांदाच ती रडली, खूप वेळ रडली. मी तिला धरून बसले.

मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "उद्या नवीन घेऊन ये, मीने. फक्त या वेळी मला सांग, किती आणलेस ते."

मी पाच आणले आणि सांगितलं. मग ठाण्याला परतले. परवा गेले तेव्हा वहिनी कट्ट्यावर बसली होती, मनगटापर्यंत हात पाण्यात घालून. अजून एकही जवळ आलेला नाही.