अंगठ्याचा दोरा

"पाय वाचवायचा की बाई वाचवायची, ते ठरवा," असं डॉक्टर माझ्या मालकांना म्हणाले. मी तिथेच खाटेवर होते, पण विचारलं त्यांना. उत्तर मात्र मीच दिलं, "बाई वाचवा."

आजाराचं नाव गँगरीन. म्हणजे रक्त पोचत नाही आणि मांस मरत जातं. मला डायबेटिस होता, त्यातून न्यूरोपथी झाली होती. म्हणजे तळपायाला काही कळेनासं होतं. मखमलाबादला आमची फुलशेती. फुलं देवाला जाणार, म्हणून वाफ्यात चप्पल घालून शिरायचं नाही, ही सासूबाईंपासूनची रीत. गुलाबाचा काटा पायात मोडून राहिला, तो मला कळलाच नाही. शेवटी सून म्हणाली, "आई, हा वास फुलांचा नाय."

उजवा पाय गुडघ्याखाली काढला. बिलो-नी अँप्युटेशन म्हणतात त्याला. गुडघा राहिला हे केवढं नशीब, ते मला फार पुढे कळलं. तेव्हा मी पांघरूण उचलून बघतसुद्धा नव्हते.

थोड्या दिवसांनी नसलेल्या अंगठ्याला खाज सुटली. मला वाटलं, आता डोक्यावरही परिणाम झाला. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. हे फँटम सेन्सेशन. पाय गेला, पण मेंदूच्या लेखी तो अजून आहे." ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी हे लक्षात ठेवावं आणि डॉक्टरांना मोकळेपणी सांगावं. यात वेड लागल्यासारखं काही नाही.

मालकांनी विचारलं, "नेमकं कुठं खाजतंय?"

"अंगठ्याला. दोरा अडकवते तिथं."

त्यांनी वॉर्डात इकडेतिकडे पाहिलं. मग रिकाम्या चादरीवर, जिथे अंगठा असता तिथे, बोटानं हळूच खाजवलं. "इथंच ना?" खाज थांबली असं म्हटलं तर खोटं होईल. पण मी पोटभर रडले आणि बरं वाटलं.

दोरा म्हणजे गजऱ्याचा. जमिनीवर बसायचं, पाय पसरायचा, दोऱ्याचं टोक अंगठ्यात अडकवून ताणून धरायचं आणि फुलं गुंफत जायची. लग्न होऊन आले तेव्हापासून माझी पहाट अशीच गेली. बाजाराची गाडी निघायच्या आत टोपली भरलेली पाहिजे.

घरी आले तर दारात नवी कोरी चाकाची खुर्ची उभी. मुलगा किरण सातपूरला कंपनीत होता, त्यानं हौसेनं आणली होती. "आई, आता फक्त आराम," तो म्हणाला. सगळे माझ्यासाठी धडपडत होते, नावं कुणाला ठेवू? पण आमच्या घरात सगळं जमिनीवर चालतं. फुलांचा ढीग जमिनीवर, पंगत जमिनीवर, नातवंडांची भांडणंही जमिनीवरच. मी मात्र मामलेदारीणबाईंसारखी वर. सून आणि शेजारणी खाली गजरे करत हसायच्या, आणि मला त्यांच्या डोक्याचे भांग तेवढे दिसायचे. खाली बसले तर उठता येत नव्हतं, आणि डाव्या अंगठ्यात दोरा अडकवायला डॉक्टरांनी मनाई केली होती, कापलं तरी कळलं नसतं. फुलं मांडीवर घेऊन दोरा खुर्चीच्या दांडीला बांधून पाहिला. खांदे भरून आले, दोरा ढिला पडला, फुलं चुरगळली. मी बोलेनाशी झाले. मला पाय गेल्याचं जेवढं लागलं नव्हतं, तेवढं हे लागलं.

जखम भरल्यावर स्टंपला, म्हणजे उरलेल्या पायाला, आकार यावा म्हणून घट्ट पट्ट्या बांधल्या. मग आम्ही कृत्रिम पाय बसवतात त्या केंद्रात गेलो. बाकावर माझ्यासारखे पुष्कळ होते. तिथं मला पहिल्यांदा एकटं वाटलं नाही.

टेबलावर दोन पावलं मांडली होती. एक हलकं, गुळगुळीत, बुटात जाणारं. दुसरं रबरी, जरा जड, काळपट, पण बोटं असलेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "पहिल्यानं चाल छान येईल, पण जमिनीवर बसणं-उठणं अवघड. दुसऱ्यानं बसता येईल, सवयीला मात्र वेळ लागेल."

किरण लगेच म्हणाला, "आई, पहिलाच घे. बूट घातला की कुणाला कळणार पण नाय."

डॉक्टरांनी त्याला थांबवलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्हाला या पायानं काय करायचंय?"

इतक्या महिन्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

"गजरे करायचेत," मी म्हटलं.

पिशवीत दोरा होताच. सुनेनं सतरंजीवर बसून रबरी पाऊल घट्ट धरलं, मालकांनी मला आधार देऊन खाली बसवलं. दोरा अंगठ्यात अडकवला तर सटकला, कारण बोटं नुसती कोरलेली होती, सुटी नव्हती. मी म्हटलं, "हा एवढा अंगठा मोकळा करून द्या." तिथल्या कारागिरानं डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी मान हलवली आणि त्यानं पात्यानं फट पाडली. सुनेनं आपल्या केसांतली शेवंतीची वेणी उसवून माझ्या मांडीवर टाकली. हात काही विसरले नव्हते.

किरण बघत होता. मग म्हणाला, "हाच बसवा, डॉक्टर."

पुढचं सोपं नव्हतं. सॉकेटमध्ये, म्हणजे स्टंप बसतो त्या पेल्यात, कातडी सोलवटायची. परत जाऊन तो सैल करून घ्यावा लागला. रबराला ताण कळत नाही, त्यामुळे सुरुवातीला निम्मे दोरे मी तोडले. पण पाय असो, काठी असो की खुर्ची, घेताना दिसतं कसं याआधी आपला दिवस कुठे आणि कसा जातो ते सांगा. घरचे प्रेमानं घाई करतात, त्यांनाही सांगा. आमची खुर्ची काही वाया गेली नाही. लग्नाकार्याला, दवाखान्याला मी तिच्यातूनच जाते. एरवी मालक तिच्यात बसून पेपर वाचतात.

डॉक्टरांनी धड असलेला पाय अनवाणी ठेवायचा नाही अशी ताकीद दिली आहे. म्हणून वाफ्यात शिरताना डाव्या पायात चप्पल असते आणि रबरी पाय अनवाणी. देवानं एवढ्यावर भागवून घ्यावं.

अजूनही कधीतरी त्या अंगठ्याला खाज सुटते. परवा गजरे करताना सुटली. मी थांबले, तेवढ्यावरून मालकांनी ओळखलं. ते खुर्चीतून उठले, पेपर बाजूला ठेवला, माझ्या पायाशी बसले. रबरी अंगठ्यातला दोरा काढला आणि बोटानं हळूच खाजवलं.

"इथंच ना?"

"हो," मी म्हटलं. "इथंच."